जठरातील अल्सर: बरे वाटू लागल्यावर अँटिबायोटिकचा कोर्स पूर्ण करणे खरोखर आवश्यक आहे का?

कृष्णाकाठ (प्रश्न)

नमस्कार. माझी आई ६४ वर्षांची असून वडिलांसह साताऱ्यात राहते. गेले काही महिने तिच्या पोटाच्या वरच्या भागात, छातीच्या मधल्या हाडाच्या खाली, जळजळ होत होती आणि दुखतही होते. जेवल्यावर दुखणे वाढायचे, म्हणून तिने हळूहळू जेवणच कमी केले आणि वजनही उतरले. घरात सर्वांनी ते पित्त समजले. सकाळी मेडिकलमधून आणलेली पित्ताची गोळी, दुपारी थंड दूध आणि फारच झाले तर चिमूटभर खाण्याचा सोडा, असा क्रम चालू होता. शेवटी रक्त तपासले तेव्हा हिमोग्लोबिन ९.१ निघाले आणि डॉक्टरांनी एन्डोस्कोपी करायला सांगितले.

रिपोर्टमध्ये जठराच्या खालच्या भागात, म्हणजे अँट्रममध्ये, ८ मिलिमीटरचा अल्सर, त्याचा तळ स्वच्छ आणि रॅपिड युरिएज चाचणी पॉझिटिव्ह, असे लिहिले आहे. अल्सरच्या कडेचे तुकडे बायोप्सीसाठी पाठवले असून तो अहवाल अजून यायचा आहे. औषध म्हणून १४ दिवसांचे किट दिले आहे, ज्यात ॲमॉक्सिसिलिन, क्लॅरिथ्रोमायसिन आणि इसोमेप्राझोल ही तिन्ही दिवसातून दोनदा घ्यायची आहेत. पुढे काही आठवडे फक्त इसोमेप्राझोल आणि दोन-अडीच महिन्यांनी पुन्हा एन्डोस्कोपी.

अडचण अशी की पहिल्या काही दिवसांतच आईला इतके बरे वाटू लागले आहे की तिला आता या गोळ्या नको झाल्या आहेत. तोंडाला सतत कडवट, धातूसारखी चव येते, त्यामुळे अन्न गोड लागत नाही, असे ती म्हणते. दुखणे थांबले असताना अँटिबायोटिक चालू ठेवण्याची गरज काय, तिखट आणि चहा बंद केला तर पुरेसे होणार नाही का, आणि जखम भरतच असेल तर दुसऱ्यांदा नळी घालून घेण्याचे कारण काय, हे तिचे प्रश्न आहेत. मला नीट उत्तरे देता येत नाहीत. दुसरी एन्डोस्कोपी म्हटल्यावर माझ्या मनात जी शंका येते, ती मी तिच्यापुढे बोललेलो नाही. जाणकारांनी कृपया समजावून सांगावे.

माळावरचा

डॉक्टरांविषयी पूर्ण आदर राखून लिहितो. आमच्या पिढीत अल्सर म्हटला की तिखट, तळलेले आणि जागरण बंद, दर दोन तासांनी गार दूध, आणि मनाला शांतता, एवढ्यावर माणसे बरी होत असत. आईंच्या मनावर काही ताण आहे का, हे आधी पाहावे. इतके दिवस दोन-दोन अँटिबायोटिक घेतल्याने पोटातील चांगले जिवाणूही मरतात, ही वस्तुस्थिती आहे. त्रास थांबला असेल तर शरीराला थोडी विश्रांती देऊन ज्येष्ठमध, मोरावळा यांवर भर द्यावा, असे मला वाटते.

जठराग्नी

मी पोटविकारांचा डॉक्टर आहे. रुग्ण समोर नसताना उपचार बदलण्याविषयी मी काही सांगणार नाही. मात्र तुम्ही लिहिलेला उपचार प्रचलित पद्धतीचाच आहे, आणि तो तसा का आहे, हे सांगता येईल.

जठरात रोज साधारण दीड ते दोन लिटर पाचकरस तयार होतो आणि त्यातले आम्ल इतके तीव्र असते की त्याचा पीएच १ ते २ च्या घरात असतो. तरीही जठर स्वतःला पचवून टाकत नाही, कारण त्याच्या अस्तरावर बुळबुळीत श्लेष्माचा थर असतो, त्या थरात आम्ल निष्प्रभ करणारे बायकार्बोनेट असते, आणि खालच्या पेशींना मुबलक रक्तपुरवठा असून त्या काही दिवसांनी नव्याने तयार होत राहतात. ही सारी संरक्षक व्यवस्था चालू ठेवण्याचे काम प्रामुख्याने प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये करतात. ही व्यवस्था एखाद्या जागी कोलमडली की आम्ल अस्तरात शिरते आणि जखम खोल होत जाते, तीच अल्सर. रिपोर्टमध्ये काही वेळा 'इरोजन' असा शब्द असतो. ते वरवरचे खरचटणे असते, त्याला अल्सर समजून घाबरू नये. आईंना झाला आहे तो मात्र खराखुरा अल्सर आहे.

'आम्ल जास्त झाले म्हणून अल्सर झाला' ही समजूत इतकी पक्की बसलेली आहे की ती काढताना आम्हाला सर्वांत जास्त वेळ लागतो. जठरातील अल्सरच्या कित्येक रुग्णांत आम्लाचे प्रमाण सामान्य, क्वचित कमीही असते. बिघडलेले असते ते संरक्षण, आणि ते बिघडवणारी कारणे बहुतेक रुग्णांत दोनच असतात: हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू आणि वेदनाशामक गोळ्या. बाकीची कारणे आहेत, पण ती दुर्मीळ आहेत.

हा जिवाणू जठराच्या आम्लात टिकतो, कारण त्याच्याजवळ युरिएज नावाचे विकर असते. ते युरियाचे विघटन करून अमोनिया तयार करते आणि त्या अमोनियामुळे जिवाणूच्या भोवतालचे आम्ल निष्प्रभ होते. आईंची रॅपिड युरिएज चाचणी याच गुणावर आधारलेली आहे: जठराचा छोटा तुकडा युरिया असलेल्या जेलमध्ये ठेवतात, आणि जिवाणू असेल तर अमोनियामुळे जेलचा पिवळा रंग गुलाबी होतो. भारतात निम्म्याहून अधिक प्रौढांच्या जठरात हा जिवाणू असतो आणि त्यांतील बहुसंख्यांना त्याचा त्रास कधीच होत नाही. परंतु ज्यांना अल्सर झाला आहे त्यांच्या जठरातून तो काढून टाकलाच पाहिजे, याविषयी आज दुमत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ मध्ये त्याला कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकले, हेही त्यामागचे एक कारण आहे.

आता आईंच्या पहिल्या प्रश्नाकडे येतो. त्यांचे दुखणे थांबले ते इसोमेप्राझोलमुळे. आम्ल कमी झाले की जखमेची आग थांबते, आणि जखम भरूही लागते. पण ज्याने जखम केली तो जिवाणू तिथेच असतो. पूर्वी केवळ आम्ल कमी करणाऱ्या गोळ्यांवर अल्सर बरे केले जात, तेव्हा गोळी थांबल्यावर वर्षभरात बहुतेकांचा अल्सर परत येत असे. जिवाणू नाहीसा केल्यावर असे परत येणे फार थोड्यांच्या वाट्याला येते. अर्धवट कोर्स घेतला तर औषधाला सर्वांत कमी दाद देणारे जिवाणू मागे उरतात आणि पुढच्या वेळी हीच औषधे निरुपयोगी ठरण्याची शक्यता वाढते. तोंडाची धातूसारखी चव क्लॅरिथ्रोमायसिनमुळे येते. ती त्रासदायक असली तरी धोक्याची नाही आणि कोर्स संपल्यावर जाते.

माळावरचा यांनी मांडलेले मुद्दे घरोघरी ऐकू येतात, म्हणून त्यांवर थोडे सविस्तर लिहितो. तिखटाने जळजळ वाढू शकते, ज्यांना ती वाढल्याचे जाणवते त्यांनी तिखट कमी करावे. परंतु तिखटाने अल्सर होत नाही आणि तिखट सोडल्याने तो जात नाही. दुधाने काही वेळ आराम वाटतो, कारण ते आम्ल तात्पुरते निष्प्रभ करते, पण दुधातील कॅल्शियम आणि प्रथिने जठराला पुन्हा आम्ल तयार करायला लावतात. दर तासाला दूध-साय आणि त्याच्या जोडीला क्षार, हा उपचार शिकागोच्या बर्ट्रम सिप्पी यांनी १९१५ मध्ये मांडला आणि पुढे कित्येक दशके तो जगभर चालला. त्यात काही रुग्णांच्या रक्तातील कॅल्शियम इतके वाढले की मूत्रपिंडे निकामी होऊ लागली. तेव्हा माळावरचा यांच्या पिढीला मिळालेला सल्ला त्या काळच्या वैद्यकशास्त्राचाच होता, घरगुती अडाणीपणाचा नव्हे. मानसिक ताणाने लक्षणे अधिक जाणवतात हे खरे आहे. मात्र ज्याला आम्ही स्ट्रेस अल्सर म्हणतो तो मोठ्या भाजण्याने, डोक्याच्या गंभीर दुखापतीने किंवा अतिदक्षता विभागातील गंभीर आजाराने होतो. सुनेशी किंवा साहेबाशी न पटल्याने होत नाही. तंबाखूचे मात्र तसे नाही. विडी-सिगारेटने अल्सर भरायला उशीर लागतो, हे निर्विवाद आहे.

अँटिबायोटिकने चांगले जिवाणूही कमी होतात, हा आक्षेप रास्त आहे. परंतु तो अँटिबायोटिक विनाकारण सुरू करण्याविरुद्धचा आक्षेप आहे, सकारण सुरू केलेले मध्येच सोडण्याच्या बाजूचा नाही.

दुसऱ्या एन्डोस्कोपीविषयी तुमच्या मनात जी शंका आहे ती मी स्पष्टच लिहितो. जठराचा कर्करोग काही वेळा दिसायला अगदी साध्या अल्सरसारखा असतो, म्हणूनच कडेचे तुकडे तपासायला पाठवतात. अहवाल चांगला आला तरी तुकडे नेमक्या जागेचे आलेच असतील याची पूर्ण खात्री देता येत नाही. त्यामुळे ८ ते १२ आठवड्यांनी अल्सर पूर्ण भरला आहे हे डोळ्यांनी पाहणे आणि न भरल्यास पुन्हा तुकडे घेणे, ही खबरदारी असते. वय, उतरलेले वजन आणि कमी हिमोग्लोबिन लक्षात घेता आईंच्या बाबतीत ती टाळू नये. जिवाणू सापडलेला असणे आणि तळ स्वच्छ असणे, यावरून साधा अल्सर असण्याचीच शक्यता अधिक वाटते, पण शेवटचा शब्द बायोप्सीचा. हाच अल्सर जठराच्या पुढे, लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात, म्हणजे ड्युओडेनममध्ये असता तर दुसरी एन्डोस्कोपी सहसा लागली नसती, कारण तिथला अल्सर कर्करोगाचा निघणे फार विरळ आहे.

तुमच्या पत्रात एका गोष्टीचा उल्लेख नाही आणि मला तीच विचारायची आहे. आई गुडघे, कंबर किंवा डोकेदुखीसाठी काही गोळी घेतात का? ६४ व्या वर्षी, हिमोग्लोबिन ९.१ असताना, हा प्रश्न अँटिबायोटिकइतकाच महत्त्वाचा आहे.

मात्रा

मी फार्मासिस्ट आहे आणि बरीच वर्षे मेडिकल चालवले आहे. वरील प्रतिसादात उपचाराचे कारण आले आहे; मी घेण्याच्या पद्धतीविषयी लिहिते, कारण कोर्स फसतो तो पुष्कळदा तिथे.

इसोमेप्राझोल, पॅन्टोप्राझोल, राबेप्राझोल या गटातील गोळ्या जेवणाच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायच्या असतात. जठराच्या पेशींतील आम्ल बाहेर टाकणारे पंप जेवणामुळे कामाला लागतात आणि ही औषधे चालू असलेल्या पंपांनाच पकडतात. जेवण झाल्यावर किंवा रात्री झोपताना, पोट दुखेल तेव्हा घेतली तर त्यांचा निम्मा उपयोग वाया जातो. गोळी चावू किंवा कुटू नये, तिच्यावरचे आवरण तिला आम्लापासून वाचवण्यासाठीच असते. दोन्ही अँटिबायोटिक मात्र जेवणानंतर घेतली तर मळमळ कमी होते. एखादी वेळ चुकली तर पुढच्या वेळी दुप्पट घेऊ नये. जेवणात दही-ताक चालेल. जुलाब झाले तर त्याने थोडी मदतच होते. अंगावर पुरळ, ओठ-चेहऱ्याला सूज किंवा धाप लागली तर ते ॲमॉक्सिसिलिनचे वावडे असू शकते. त्या वेळी मात्र कोर्स पूर्ण करण्याचा नियम बाजूला ठेवून गोळी ताबडतोब थांबवावी आणि डॉक्टरांना गाठावे.

दुसरे असे की, आईंची कोलेस्टेरॉलची किंवा रक्तदाबाची गोळी चालू आहे का, ते आजच पाहा. सिम्व्हास्टॅटिन, ॲटॉर्व्हास्टॅटिन यांच्याबरोबर क्लॅरिथ्रोमायसिन घेतले तर त्या गोळीचे रक्तातील प्रमाण वाढते आणि स्नायूंना इजा होऊ शकते. ॲम्लोडिपिनबरोबर घेतल्यास रक्तदाब अपेक्षेपेक्षा खाली जाऊ शकतो. हे डॉक्टरांना माहीत असतेच, परंतु गुडघ्याचा डॉक्टर एक, हृदयाचा दुसरा आणि पोटाचा तिसरा असला की एकाच्या चिठ्ठीची दुसऱ्याला कल्पना नसते.

वेदनाशामकांविषयी एक निरीक्षण नोंदवते. 'मी कसलीही कडक गोळी घेत नाही, फक्त पॅरासिटामॉल घेते' असे सांगणाऱ्यांची पट्टी पाहिली की ती ॲसिक्लोफिनॅक आणि पॅरासिटामॉल यांची जोडगोळी निघते, असे मी असंख्य वेळा पाहिले आहे. पट्टीवर दोन्ही नावे असतात. गिऱ्हाईक ओळखीचे तेवढे वाचते. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन, निमेसुलाइड आणि ॲस्पिरिन, ही सर्व त्याच कुळातली. ती जेवणानंतर घेतली म्हणजे धोका टळला, असे नाही. ही औषधे रक्तावाटे सर्वत्र जाऊन प्रोस्टाग्लँडिन तयार होणेच थांबवतात, त्यामुळे इंजेक्शन घेतले तरी जठराला धोका राहतोच. गावोगावी सांधेदुखीवर मिळणाऱ्या, नाव-पत्ता नसलेल्या पुड्यांपासून तर लांबच राहावे. त्यांत वेदनाशामके किंवा स्टेरॉइड मिसळलेली आढळलेली आहेत, आणि स्टेरॉइड व वेदनाशामक एकत्र आले की अल्सरचा धोका कितीतरी वाढतो.

कृष्णाकाठ

दोघांचेही मनापासून आभार. आईच्या औषधांचा डबा आज व्हिडिओ कॉलवर पाहिला. मात्रा यांनी लिहिले तेच निघाले: गुडघ्यांसाठी ती दीर्घकाळ रोज सकाळी ॲसिक्लोफिनॅक-पॅरासिटामॉलची गोळी घेते, तीही चहाबरोबर, रिकाम्या पोटी. शिवाय रात्री ॲटॉर्व्हास्टॅटिन आहे. एन्डोस्कोपी करणाऱ्या डॉक्टरांना यांतले काहीच सांगितले गेले नव्हते. त्यांना फोन केला. त्यांनी कोर्स संपेपर्यंत ॲटॉर्व्हास्टॅटिन थांबवायला सांगितले आणि गुडघ्याची गोळी पूर्ण बंद केली. कारण कळल्यावर आईने कोर्स पुरा करायचे कबूल केले आहे.

आता तिची काळजी गुडघ्यांची आहे, आणि माझी वडिलांची. त्यांची अँजिओप्लास्टी झालेली असून ते ॲस्पिरिन ७५ आणि क्लोपिडोग्रेल घेतात. आईचे ऐकून त्यांनी परस्पर ॲस्पिरिन सोडण्याची भाषा सुरू केली आहे. तसेच हा जिवाणू संसर्गजन्य असेल तर घरातील सर्वांची तपासणी करावी का, आणि आईची भांडी वेगळी ठेवावीत का?

सांजवारा

मी डॉक्टर नाही, पण हा विषय आमच्या घराने फार जवळून पाहिला आहे. माझ्या थोरल्या बंधूंना ऐन तिशीत ड्युओडेनमचा अल्सर होता. त्यांचे लक्षण कृष्णाकाठ यांच्या आईंच्या नेमके उलट होते: पोट रिकामे झाले की, विशेषतः मध्यरात्रीनंतर, पोटात आग पडायची आणि चार घास खाल्ले की शांत व्हायची. त्यामुळे त्यांच्या उशाशी कायम बिस्किटांचा पुडा असे. सत्तरच्या दशकात एका रात्री त्यांना अचानक असह्य कळ आली, पोट फळीसारखे कडक झाले, आणि एक्स-रेमध्ये छाती-पोटामधील पडद्याखाली हवा दिसल्यावर अल्सर फुटल्याचे निदान झाले. तातडीने शस्त्रक्रिया करून भोकावर पोटातल्याच चरबीच्या पडद्याचा तुकडा बसवला आणि काही काळाने आम्ल कमी करण्यासाठी जठराकडे जाणाऱ्या व्हेगस मज्जातंतू कापण्याची, म्हणजे व्हेगॉटॉमीची, दुसरी शस्त्रक्रिया केली. त्या काळी ती सर्रास होत असे. अल्सर गेला, परंतु जेवणानंतर घाम येणे, छातीत धडधडणे आणि लगेच शौचाला धावणे हे त्यांच्या मागे कायमचे लागले.

पुढे ऑस्ट्रेलियातील पर्थचे बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना या जिवाणूच्या शोधासाठी २००५ चे नोबेल मिळाले, तेव्हा बंधूंनी ती बातमी दोनदा वाचून काढली आणि 'म्हणजे मला गोळ्यांनी बरे करता आले असते' एवढेच म्हणाले. मार्शल यांनी १९८४ मध्ये जिवाणूंचे द्रावण स्वतः पिऊन स्वतःला अल्सर करून घेतला होता, हेही तेव्हाच वाचले. आईंनी गोळ्यांच्या चवीचा फार राग मानू नये, असे वाटते.

जठराग्नी

सांजवारा, तुमच्या बंधूंच्या हकिगतीसाठी आभारी आहे. आजच्या निवासी डॉक्टरांना व्हेगॉटॉमी पाहायलाही क्वचितच मिळते. एक छोटी दुरुस्ती: मार्शल यांना अल्सर झाला नव्हता. काही दिवसांत त्यांना उलट्या होऊ लागल्या, तोंडाला दुर्गंधी आली, आणि दहाव्या दिवशीच्या एन्डोस्कोपीत जठराच्या अस्तराला तीव्र दाह, म्हणजे गॅस्ट्रायटिस, व त्यात तेच जिवाणू आढळले. निरोगी जठरात हा जिवाणू दाह निर्माण करतो, एवढे त्यातून सिद्ध झाले; अल्सरशी त्याचा संबंध पुढे उपचारांच्या चाचण्यांतून पक्का झाला. त्या शोधातला योगायोगही मोठा गमतीचा आहे. १९८२ मध्ये प्रयोगशाळेतील काचपात्रे नेहमी दोन दिवसांत टाकून दिली जात आणि त्यांत काही उगवलेले दिसत नसे. ईस्टरच्या सुट्टीत ती पाच दिवस राहून गेली आणि तेव्हा हा संथ वाढणारा जिवाणू पहिल्यांदा दिसला.

कृष्णाकाठ, वडिलांनी ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल स्वतःहून मुळीच थांबवू नये. स्टेंट बसवलेल्या रक्तवाहिनीत गुठळी होणे हे अल्सरपेक्षा कितीतरी पटींनी घातक असते. दोन्ही औषधे एकत्र चालू असताना जठराच्या संरक्षणासाठी प्राझोल गटातील गोळी दिली जाते. मात्र ओमेप्राझोल आणि इसोमेप्राझोल ही दोन क्लोपिडोग्रेलचा परिणाम कमी करू शकतात, म्हणून सहसा पॅन्टोप्राझोल निवडतात. आईंची उरलेली पट्टी त्यांना देऊ नये, एवढ्यासाठी हे लिहिले. त्यांना पोटाची लक्षणे असतील तर हृदयविकारतज्ज्ञांना सांगून या जिवाणूची तपासणी करून घेणे योग्य ठरेल.

घरातील इतरांविषयी: हा जिवाणू बहुतेकांच्या पोटात लहानपणीच, घरातल्या माणसांकडून किंवा दूषित पाणी-अन्नातून येतो. प्रौढपणी नव्याने संसर्ग होण्याचे प्रमाण कमी आहे, त्यामुळे भांडी वेगळी ठेवण्याने आईंना वाईट वाटण्यापलीकडे काही साधणार नाही. ज्यांना पोटाची लक्षणे आहेत किंवा ज्यांच्या जवळच्या नात्यात जठराचा कर्करोग झाला आहे, त्यांची तपासणी करावी; लक्षणे नसलेल्या प्रत्येकाची करण्याचा आपल्याकडे प्रघात नाही.

गुडघ्यांसाठी निव्वळ पॅरासिटामॉल, डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या मर्यादेत, चालते. डायक्लोफिनॅकचे मलम गुडघ्यावर चोळल्यास त्यातील फारच थोडा भाग रक्तात जातो. मांडीच्या पुढच्या स्नायूंचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घेतले तर काही आठवड्यांत फरक पडतो, आणि माझ्या मते या वयात गोळीपेक्षा तेच अधिक टिकाऊ आहे. पुढे कधी वेदनाशामक अटळच झाले, तर जिवाणू गेल्याची खात्री झाल्यावर, जठराला तुलनेने कमी त्रास देणारे सेलेकॉक्सिबसारखे औषध प्राझोलच्या संरक्षणासह देतात. तेही हृदय आणि मूत्रपिंडांची स्थिती पाहून.

जिवाणू गेला की नाही, याची चाचणी हा उपचाराचाच भाग आहे आणि नेमका तोच भाग आपल्याकडे सर्वाधिक राहून जातो. अँटिबायोटिक संपून किमान चार आठवडे आणि प्राझोल गोळी बंद करून किमान दोन आठवडे झाल्यावर युरिया श्वास चाचणी किंवा शौचातील अँटिजेनची तपासणी करतात. आधी केली तर जिवाणू दबलेला असल्यामुळे चाचणी खोटी निगेटिव्ह येऊ शकते. आईंना दुसरी एन्डोस्कोपी होणारच आहे, तेव्हा गोळी कधी थांबवायची आणि त्याच वेळी जिवाणूचीही तपासणी करायची का, हे डॉक्टरांना आताच विचारून ठेवा. रक्तातील अँटिबॉडीची चाचणी मात्र यासाठी करू नये. जिवाणू गेल्यावरही ती कित्येक महिने पॉझिटिव्हच राहते.

चाचणी पॉझिटिव्ह आली तर तोच कोर्स पुन्हा देत नाहीत. क्लॅरिथ्रोमायसिनला दाद न देणारे जिवाणू आता वाढले आहेत, मेट्रोनिडाझोलच्या बाबतीत भारतात ते प्रमाण फारच मोठे आहे. म्हणून बिस्मथ, टेट्रासायक्लिन, मेट्रोनिडाझोल आणि प्राझोल अशी चार औषधे पुरेशा मात्रेत १४ दिवस देतात, आणि अनेक डॉक्टर हल्ली सुरुवातच त्याने करतात. आम्ल अधिक वेगाने व अधिक काळ रोखणारे व्होनोप्राझान हे नवे औषधही आता आपल्याकडे मिळते.

कृष्णाकाठ

बायोप्सीचा अहवाल आज आला. कर्करोग नाही, जुना दाह आणि हेलिकोबॅक्टर असे लिहिले आहे. दुसरी एन्डोस्कोपी ठरल्याप्रमाणे करणार आहोत. शेवटचा एक प्रश्न: हिमोग्लोबिनसाठी लोहाच्या गोळ्या सुरू झाल्यापासून आईला काळसर शौचाला होते. हा रक्तस्राव तर नसेल?

जठराग्नी

अहवाल चांगला आहे. लोहाच्या गोळ्यांनी शौचाचा रंग काळसर किंवा हिरवट काळा होतो, बिस्मथनेही होतो. परंतु त्या शौचाला आकार असतो. रक्तस्रावाचे शौच डांबरासारखे काळे, चकचकीत, चिकट आणि विशिष्ट उग्र वासाचे असते, पाणी टाकले तरी भांड्याला धरून राहते. वर्णन तसे असेल, किंवा चक्कर, घाम, छातीत धडधड, कॉफीच्या चोथ्यासारखी वा लाल उलटी, अथवा सांजवारा यांनी सांगितली तशी अचानक कळ आणि कडक पोट, यांतले काहीही झाले तर रात्र असली तरी, एन्डोस्कोपीची सोय असलेल्या रुग्णालयात लगेच न्यावे. रक्त वाहणारी वाहिनी एन्डोस्कोपीतूनच इंजेक्शन, क्लिप किंवा उष्णतेने बंद करता येते आणि बहुतेकांना शस्त्रक्रिया लागत नाही. ज्येष्ठांत, विशेषतः वेदनाशामके घेणाऱ्यांत, अल्सर अजिबात न दुखता थेट रक्तस्रावानेच लक्षात येऊ शकतो. त्यामुळे दुखत नाही म्हणून थांबू नये. एरवी एक-दोन दिवसांत हिमोग्लोबिन पुन्हा तपासून घ्या, ते ९.१ वर टिकून असेल किंवा वाढले असेल तर रंग लोहाचाच समजता येईल, आणि कमी झाले असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.